अचलपूरच्या विहिरीचं पाणी

अमरावतीच्या कॉलेजात मी शेवाळावर संशोधन करत होते, त्या वर्षांतली ही गोष्ट. माझं शेवाळ एकेका पेशीचं, नुसत्या डोळ्यांना न दिसणारं. चंबूत वाढलं की पाणी हिरवं व्हायचं. ते किती जोमात आहे हे कळायला आधी सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजाव्या लागत. एका नमुन्यात अर्धा दिवस जाई. मग विभागात नवं यंत्र आलं. नमुना वीस मिनिटं अंधारात ठेवायचा, मग त्यावर प्रकाशाचा झोत टाकायचा. शेवाळ त्यातला थोडा प्रकाश लालसर चमकेच्या रूपात परत टाकतं. तिच्यावरून यंत्र मिनिटभरात आकडा दाखवी. आकडा वर म्हणजे शेवाळ ठणठणीत. खाली म्हणजे काहीतरी बिनसलंय.

तणनाशकाने हा आकडा कसा पडतो, ते मी तपासत होते. गावोगावचे मजूर शहराकडे निघाले होते, शेतातलं तण निंदायला माणूस मिळेना, म्हणून तणनाशकाचे डबे आले होते. तुलनेसाठी मला निर्धोक पाणी लागे आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन असे. प्रयोगशाळेतले मदतनीस चाचा अचलपूरहून रोज एसटीने येत. दर सोमवारी ते घरच्या विहिरीचं पाणी कॅनमध्ये आणून देत.

एका सोमवारी त्या पाण्यात शेवाळाचा आकडा पडला.

"मशीन बिगडली काय, ताई?" चाचांनी विचारलं.

"तसंच दिसतंय."

पण यंत्र ठीक होतं. मी काचसामान पुन्हा धुतलं, दुसऱ्या चंबूतलं शेवाळ घेतलं. आकडा पुन्हा खाली.

"आमी तर घरी हेच पिऊन राहिलो," चाचा हसून म्हणाले. त्यांच्या सुनेला सातवा महिना होता.

माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "अजून दोन दिवस ताजं पाणी मागव. तोवर बोलू नकोस. लोक उगाच घाबरतील." मला ते पटलं, खरं तर सोयीचं वाटलं. मंगळवारी चाचांनी पाणी आणलं, बुधवारीही आणलं, काही न विचारता. दोन्ही दिवशी आकडा आदल्या दिवसापेक्षा खाली होता.

पाण्यातच काहीतरी आहे, असं गुरुवारी मी त्यांना सांगितलं. त्यांनी कॅन मोरीत रिकामा केला. मग म्हणाले, "चला ताई, तुमीच घरी सांगा."

दुपारी आम्ही पोचलो तेव्हा चाची मला कौतुकाने विहिरीवर घेऊन गेल्या. "यंदा पानी कसं काचावानी झालं पाहा. काई बी सारी गेली." खरंच, तळाचे दगड दिसत होते. काठाच्या चिऱ्यांवर हिरव्या शेवाळाऐवजी पांढुरके डाग उरले होते. शेवाळ मेलं होतं, म्हणून पाणी एवढं नितळ होतं. पलीकडच्या संत्र्याच्या बागेतला गडी फवारणीचा पंप धुवायला त्याच काठावर येतो, असं चाचींच्या बोलण्यात आलं. खाली पिवळट ओघळ वाळले होते.

घरात सुनेने माझ्यापुढे पाण्याचा पेला धरला.

मी तो घेऊन खाली ठेवला. "चाची, हे पाणी पिऊ नका. धुण्याला वापरलं तर वापरा, पण पिऊ नका."

"काहून? काय हाय त्यात?"

"तणावरचं औषध असावं."

"माणसाले काय होते त्यानं?"

मला माहीत नव्हतं. तसं मी सांगितलं. सून भिंतीला टेकून खाली बसली.

त्या दिवसापासून चाचांच्या घरचे लांबच्या हातपंपावरून पाणी आणू लागले. बाळ दिवस भरण्याआधी झालं, फार लहान, पण जगलं. पाण्यामुळे तसं झालं की नाही, कुणालाच सांगता आलं नाही. चाचांनी मला एकदाच विचारलं, "सोमवारी काहून नाई सांगितलं, ताई?"  त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

महिन्याभरात ओळखीपाळखीतून इतरांच्या विहिरींच्या पाण्याच्या बाटल्या येऊ लागल्या. अंजनगावहून, चांदूर रेल्वेहून, कंडक्टरच्या हाती. मी एकेकीतल्या पाण्यात शेवाळ सोडून, अंधारात ठेवून आकडा मोजायची आणि ज्याची असेल त्याला त्याच दिवशी निरोप धाडायची. बऱ्याच बाटल्यांतलं पाणी अगदी नितळ होतं.