बंदीच्या जिल्ह्यात मीटिंगचा पत्ता

पुलगावच्या फलाटावर आईने माझ्या हातात चिवड्याचा डबा दिला आणि गाडी हलेपर्यंत एकच गोष्ट तीनदा बजावली. "तिकडं पुण्यात सगळं उघड्यावर भेटते म्हंतात. आपल्या जिल्ह्यात दारूबंदी हाये म्हणून बरं. सांभाळून राह्यजो." मी मान डोलावली. तिला काय सांगणार, की या बंदीतली दारू मी बारावीतच चाखली होती, आमच्या नाचणगावच्या नाल्याकाठी, प्लास्टिकच्या पन्नीतून! विकणारा कोण, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

पुण्यात मी काय दिवे लावले ते तुम्ही गावातल्यांनी ऐकलंच असेल. भोसरीत कंपनी, शिफ्ट, ओव्हरटाइम आणि सुटलं की बार. दोन नोकऱ्या गेल्या, बायको शुभांगी माहेरी निघून गेली. मग कंपनीतल्या एका मित्राने मला धरून दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला नेलं. शाळेचा वर्ग, लहान बाकांवर अवघडून बसलेले दहा-बारा जण. नुसतं पहिलं नाव सांगायचं आणि म्हणायचं, मी दारुडा आहे. कोणी उपदेश करत नाही, कोणी नाक मुरडत नाही. त्या बाकांवर बसून मी तीन वर्षं कोरडा राहिलो. शुभांगी परत आली. गावात मात्र एकच बोलणं, पोराले पुण्याचं पाणी लागलं. वा रे वा! म्हणजे नाला साळसूद आणि पुणं बदमाश!

यंदा बाबा पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि मी दोन महिन्यांची रजा काढून घरी आलो. दुसऱ्याच आठवड्यात जीव दारूकडे ओढ घ्यायला लागला. हे ज्याला कळतं त्यालाच कळतं. पुण्याच्या मित्राला फोन केला. तो म्हणाला, "फोनवर भागणार नाही. तिथली मीटिंग शोध, आजच्या आज."

मग सुरू झाला तमाशा. पुलगावात एका पानठेल्यावर मी हळूच म्हटलं, "भाऊ, जरा दारूचं विचारायचं होतं..." पुढचं बोलू दिलं तर ना! त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाला, "देशी का इंग्लिश? घरपोच भेटन." आमच्याकडे दबक्या आवाजात विचारणारा म्हणजे गिऱ्हाईकच, हे मी पुण्यात राहून विसरलो होतो. ऑटोवाल्याने तर माझं पूर्ण न ऐकताच थेट एका घरासमोर नेऊन उतरवलं. आतून दारूचा वास आला. माझी कोरडी तीन वर्षं त्या दारात लटकली होती. कसाबसा मागे फिरलो.

दुसऱ्या दिवशी एका सरकारी कचेरीत मीटिंगचं विचारायला गेलो. तिथले साहेब हसले. "अहो, जिल्ह्यात दारूबंदी आहे. मग दारुडे येतील कुठून?" त्यांच्या टेबलावर डोकं आपटावंसं वाटलं. माझं नव्हे, त्यांचं.

घरी येऊन मी आईवर ओरडलो. "बाटली दहा मिनिटांत घरी येते, अन् दारू सोडायची जागा अख्ख्या जिल्ह्यात कोणाले माहीत नाई!" आई भाजी निवडत होती. मग खाली बघतच म्हणाली, "बोरगाव मेघेले भरते ते मीटिंग. दर गुरुवारी. तुहा गजानन मामा जाते."

गजानन मामा! अख्खा गोतावळा समजत होता, मामा गुरुवारी भजनाला जातो. नऊ वर्षं झाली म्हणे त्याला दारू सोडून.

"मंग मले काऊन नाई सांगतलं? मी तिकडं मरून राह्यलो होतो!"

"लोकायले समजलं असतं ना, बाबू. त्याच्या पोरीचं लग्न व्हायचं होतं."

लग्न होऊन त्या पोरीचा मुलगा शाळेत जायला लागला, तरी गोष्ट कुलपातच! आणि कसली गोष्ट? सुटल्याची, लागल्याची नव्हे! पिऊन चौकात लोळणारा चालतो, त्याला घरापर्यंत पोचवायला चार जण धावतात. आणि ज्याने सोडली त्याने लपून बसायचं. आईचा राग आला, मामाचा आला आणि तुम्हा सगळ्यांचाही आला. अजून गेलेला नाही.

गुरुवारी बोरगाव मेघेला गेलो. साधी खोली, दारावर पाटी नाही. मामा सतरंजी अंथरत होता. मला पाहिलं आणि त्याचे हात थांबले. माझी पाळी आली. आडनाव सांगायचं नाही, हा नियम मला पाठ आहे आणि तो चांगलाच आहे. दुसऱ्याचं नाव मी मेलो तरी सांगणार नाही. पण माझं नाव माझं आहे. मी म्हटलं, "प्रवीण महादेव ढोके, नाचणगाव. मी दारुडा आहे."

मामा उभा राहिला. "मी गजानन. मी दारुडा हावो. अन् हा माह्या बहिणीचा पोरगा. हा बुडून राह्यला होता तवा मले रस्ता माहीत होता, अन् मी बोललो नाई." मग सतरंजीवर बसून तो रडला. मीही रडलो, पण राग काही गेला नाही.

पुण्यात मला कोणी ओळखत नव्हतं, म्हणून मी वाचलो. इथे सगळे ओळखतात, तरी वाचायचं आहे. हे जिथे जमेल त्याला मी आता घर म्हणेन. अजून जमलंय असं नाही.

हे लिहून झाल्यावर मामाला वाचून दाखवलं आणि म्हटलं, तुमचं नाव काढून टाकतो. तो म्हणाला, "राहू दे नाव. फक्त दोन दिवस थांबजो. पोरीले आधी मी सांगतो."