मुन्सफाला ऐकू न येणारं नाव

तालुक्याच्या कचेरीबाहेर आम्ही दोघांनी एका चंचीतली तंबाखू खाल्ली, ती शेवटची. मी धनगर, तो तिथला नावं पुकारणारा चपराशी. पाटलाला बापाच्या नावासकट 'साहेब' म्हणायचा, आम्हाला नुसतं "ए धनगरा!"

"कावून बे, आमाला बाप न्हाई का?"

"हाय की. पन मुन्सफाला ऐकू येत न्हाई," तो हसला.

पाटलानं गायरान दाबलं म्हणून माझ्या बायकोनं दावा लावलेला. सुनावणी उद्यावर आली आणि बायको परवाच वारली, हे सांगितलं तसा तो तंबाखू थुंकून उठला.

सकाळी त्यानं पाटलादेखत आरोळी दिली, "सरूबाईसाहेब, मल्हारीची लेक, हाजिर!"

मुन्सफ खवळला, "सिर्फ धनगरन बोल!"

त्यानं कमरेचा सरकारी पट्टा सोडून मेजावर ठेवला आणि पुन्हा तसंच पुकारलं.