दुपारी गळणारी लाईन

तेल्हाऱ्यात कोणी गजेंद्र ताथोडचं नाव काढलं, की समजावं त्या घरातलं इंटरनेट बंद पडलं आहे. चालू लाईनच्या घरी त्याला कोणी चहाही विचारत नसे. चौदा वर्षं झाली त्याला खांबांवर चढून. आधी टीव्हीच्या केबलचं काम होतं, मग फायबर आलं, शिडी मात्र तीच राहिली. "अबे गजू, कुठं मेला बे?" फोन उचलला की रोज हेच ऐकायचं. बरं, दुरुस्त करून दिलं तर आभार? नाव नको! लाईन सुरू झाली की माणसं मोबाईलमध्ये तोंड खुपसतात, उन्हात शिडी धरून उभा असलेला माणूस कोणाला दिसत नाही. गजेंद्रला याचं वाईट वाटायचं. बोलून दाखवायचा नाही, पण आतून लागायचं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं ते यातूनच झालं.

खुशालराव खारोड्यांची प्रणाली वीस-एकवीस वर्षांची. ती कॉम्प्युटरवर पाच-पाच जणांच्या टोळ्यांचा बंदुकीचा खेळ खेळायची. गल्लीतल्या बायका म्हणत, "लग्नाच्या वयाची पोट्टी दिवसभर गोळ्या झाडून राहिली, काय बाप्पा!" पण पोरगी साधीसुधी नव्हती. पुण्याच्या एका संघानं तिचा खेळ पाहिला आणि चाचणीला बोलावलं. मे महिन्यातली एक दुपार, एक ते साडेतीन, घरी बसूनच तीन सामने. निवड झाली तर पुण्याला राहायचं, संघात खेळायचं. नाही झाली तर तेल्हारा आहेच. खुशालरावांना लकवा मारला तेव्हा तिनं कॉलेज सोडलं होतं. दोन वर्षांत तिच्यापुढं उघडलेलं हे एकच दार होतं, आणि ते परत उघडेल याची कोणी हमी देत नव्हतं.

खुशालरावांचं उजवं अंग गेलं होतं, वाचा गेली होती. डावा हात तेवढा चालायचा. पोरगी खेळायला बसली की मधल्या खोलीतल्या पलंगावरून ते दारातून तिच्याकडं पाहत राहायचे. ती जिंकली की तोंडाच्या एका कोपऱ्यातून हसायचे.

आणि नेमका लाईनीनं दगा दिला. एप्रिल लागल्यापासून प्रणालीचा खेळ मधेच अडकायचा. खेळातली प्रत्येक हालचाल बारीक-बारीक तुकडे होऊन वायरीतून जाते. त्यातले काही तुकडे वाटेत गळाले की झालंच, फाटक्या पोत्यातून तूर सांडावी तसं. यालाच पॅकेट लॉस म्हणतात. तुम्ही गोळी झाडता, समोर ती पोचतच नाही, आणि तोवर समोरचा तुम्हाला मारून मोकळा. दहा टक्के लॉस, कधी वीस. अशा लाईनीवर चाचणी देणं म्हणजे डोळे बांधून पळणं.

गजेंद्रनं काय नाही केलं! राउटर बदलला. राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंतची वायर नवी टाकली. खांबावरचा जोड उकलून पुन्हा केला. पण मे महिन्यात वऱ्हाडात खांबावरचं काम सकाळी सात ते अकरा. त्यानंतर लोखंडाला हात लावला की कातडी चिकटते. तो सकाळी यायचा, कॉम्प्युटरवर तपासायचा, आणि लाईन ठणठणीत! एक तुकडा गळायचा नाही. "तुह्या खेळातच काई असंन," असं म्हणून तो निघून जायचा. दुपारी पुन्हा हिचा फोन.

शेवटी पोरीनं वही घातली. कोणत्या वाराला, किती वाजता, किती लॉस, सगळं लिहिलं आणि चाचणीच्या आदल्या दिवशी त्याच्यापुढं धरलं. "भाऊ, तुमी सकाळी येता. लॉस बारा ते पाच आहे. दुपारी येऊन पाहा ना एकडाव."

गजेंद्र दोन वाजता डोक्याला दुपट्टा गुंडाळून आला. लॉस अठरा टक्के. दोघं समोरच्या खोलीत स्क्रीनपुढं बसले. तेवढ्यात मधल्या खोलीतल्या कूलरमधलं पाणी संपलं. प्रणालीनं जाऊन बटन बंद केलं आणि बादल्या ओतायला लागली. इकडं लॉस शून्य! तिनं कूलर लावला, पुन्हा अठरा.

गजेंद्र उठला आणि मधल्या खोलीत कूलरच्या मागं वाकून बघू लागला. बघितलं आणि कपाळावर हात मारला. इथं घरात लाईन घ्यायची तर भिंतीला भोक पाडू देत नाहीत, म्हणून सगळेच वायरमन खिडकीतून वायर घेतात. ही वायरही खिडकीतून आली होती, आणि ती त्यानं स्वतःच टाकली होती, दिवाळीनंतर. तेव्हा कूलर गच्चीवर उलटा पडलेला, खिडकी रिकामी. मार्च सरता सरता कूलर खाली आला आणि वायरीवरच बसला. मोटर चालली की पत्रा थरथरायचा, चौकटीवर वायर चेपायचा. सकाळी कूलर बंद, लाईन नीट. बोला आता!

"मीच गाढव," तो पुटपुटला.

वायर अशी चेपलेली, की कूलर सरकवायची किंवा ती ओढून पाहायचीही सोय नव्हती. तुटली तर जोडायचं मशीन हवं. मशीन दुरुस्तीला अकोल्याला गेलेलं, परवा येणार. आणि चाचणी उद्या.

"असं कर," गजेंद्र म्हणाला, "उद्या खेळापुरता कूलर बंद ठेव. दोन-अडीच तास. परवा मी भोक पाडून वायर दुसरीकडून घेतो."

प्रणाली ताडकन उठली. "भाऊ, सेहेचाळीस चालू आहे बाहेर! बाबाले भट्टीत घालू काय? आई चांदूरले गेली मामाच्या इथं लग्नाले, मी एकटी घरी. कूलर बंद नाई होणार. लॉस असला तं असला, त्याच्यातच खेळीन."

ती खरंच तसं ठरवून बसली होती. पलंगावरचे खुशालराव दोघांकडं आळीपाळीनं पाहत होते. बोलता येत नसलं म्हणून माणसाला ऐकू येत नाही असं थोडंच असतं!

दुसऱ्या दिवशी साडेबाराला प्रणालीनं बापाला पेज भरवली, पाणी पाजलं, कूलर गच्च भरला आणि सुरू केला. गारवा आत राहावा म्हणून मधलं दार लोटलं, आणि हेडफोन कानाला लावून ती समोरच्या खोलीत बसली.

गजेंद्र ऑफिसात होता. मालक गोवर्धन अकोल्याला गेलेला, खोलीत तो आणि पंखा. एक पन्नासला त्याच्या मोबाईलवर मेसेज आला. पहिला सामना झाला होता. "भाऊ, मी जिंकली! लॉस एकदम शून्य. तुमी काई केलं काय लाईनीले?"

त्यानं काहीच केलं नव्हतं. पण चौदा वर्षांत असा मेसेज त्याला कोणी केला नव्हता. छाती कशी भरून आली. वरच्या बाजूनं, मुख्य लाईनीतच, आपोआप सुधारलं असेल काही, एवढाच विचार त्याच्या मनाला शिवून गेला. त्यानं लिहिलं, "हो, केलं. आता बिनधास्त खेळ." पुढं अंगठ्याचं चित्रही टाकलं. मग निवांत डबा उघडला. पोळी-भाजी खाताना मधून मधून तो मेसेज पुन्हा वाचत होता. माणूस कौतुकाला किती हपापलेला असतो हो!

जेवण झाल्यावर त्यानं तक्रारींचं रजिस्टर काढलं. खारोड्यांची तक्रार महिनाभर उघडी होती, ती आज बंद करायची. तारीख टाकली, नाव टाकलं. शेवटचा रकाना होता, काय दुरुस्ती केली.

पेन तिथंच थांबला. काय लिहायचं? वायर तिथंच, कूलर तिथंच. लाईट गेली म्हणावं तर राउटरही बंद पडला असता. ती लाईन शून्यावर यायची तर कूलर बंद पाहिजे. आणि पोरगी तर कूलर बंद करणार नव्हती.

"अरे देवा," म्हणून तो उठला. दोन पस्तीस झाले होते. त्यानं फोन लावला. वाजला, वाजला, कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. मग गाडीला किक मारली आणि पायात चप्पलही न घालता निघाला.

खारोड्यांच्या घरी दार लोटलेलं होतं. प्रणाली स्क्रीनपुढं, कानाला हेडफोन, तिसरा सामना रंगात आलेला. त्याला पाहून ती हसली आणि एक बोट वर करून थांबा म्हणाली. गजेंद्र थांबला नाही. मधल्या खोलीचं दार ढकललं तशी आतली धग तोंडावर आली. खुशालराव पलंगाच्या कडेला सरकून आले होते. डावा हात उशाशी ठेवलेल्या बटनांच्या बोर्डावर होता, कूलरच्या बटनावरच. ओठ पांढरे पडलेले, अंगाला घामाचा टिपूस नाही, कातडी तव्यासारखी. डोळे अर्धे उघडे, पण ओळख नव्हती.

"प्रणाली!" गजेंद्र इतक्या जोरानं ओरडला की ते हेडफोनमधूनही ऐकू गेलं.

पुढं सगळी धावपळ. कूलर लावला, ओली चादर अंगावर टाकली, डोक्यावर पाणी ओतलं. शेजाऱ्यांची जीप आली. तालुक्याच्या दवाखान्यात सलाईन लागलं, डॉक्टर म्हणाले अकोल्याला हलवा. ॲम्ब्युलन्स निघाली, पण अर्ध्या वाटेवरूनच परत फिरली. सहा वाजायच्या आत खुशालराव गेले.

दवाखान्याच्या पडवीत प्रणाली भिंतीला टेकून बसली होती. तिच्या आईला, वच्छलाबाईंना, चांदूरला निरोप गेला होता, त्या निघाल्या होत्या. प्रणालीचा फोन दोनदा वाजला, पुण्याचा नंबर होता. तिनं दोन्ही वेळा तो कापला. गजेंद्र थोडा दूर, अनवाणी उभा होता. जावं तरी पंचाईत, राहावं तरी पंचाईत.

"भाऊ," ती त्याच्याकडं न पाहता म्हणाली, "तुमी तं लाईन नीट केली होती. मंग बाबानं कूलर काहून बंद केला? काई गरज नव्हती ना!"

हो म्हणून निघून जाता आलं असतं. तिला कधी कळलं नसतं. तिला वाटलं असतं बाप उगाच गेला, आणि गजेंद्र मोकळा राहिला असता. तो तिच्यासमोर खालीच बसला.

"मी काई केलं नव्हतं, बाई. खोटं लिवलं म्या. लाईन तुह्या बाबानंच नीट केली."

प्रणालीनं फोन उघडला आणि तो मेसेज त्याच्यापुढं धरला.

"मी उठली होती, भाऊ," ती म्हणाली. "लॉस शून्य दिसला तशी मले शंका आली होती. हेडफोन काढाले हात घातला होता. बाबाच्या खोलीत पाहाले जाऊन राहिली होती, अन् तुमचा हा मेसेज आला. म्हणून बसली."