डेड म्हणजे नक्की काय?

"सुनंदामावशी, माझा मशीन गेला!" तन्वी धावत बेंचपाशी आली.

मला वाटलं, बिघडलं असेल. म्हटलं, "गेला नाही, गेलं. काय गेलंय? मोटर की पंप?"

"नाही ना! होल मशीन गेला! भंगारच्या ट्रकमध्ये!"

मग मात्र मी चष्मा काढून ठेवला.

मँचेस्टरच्या आमच्या रिसायकलिंग वर्कशॉपमध्ये लोकांनी टाकून दिलेली वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह असलं सामान येतं. कॉलेज अर्धवट सोडलेली मुलं ते दुरुस्त करायला शिकतात. शिकता शिकता पगार मिळतो आणि शेवटी परीक्षा पास झाली तर सर्टिफिकेट. हॉस्पिटलातली यंत्रं सांभाळून रिटायर झाल्यावर मी इथे मुलांना इलेक्ट्रिकलचं काम शिकवते. घरी बसून नवऱ्याला शिस्त लावण्यापेक्षा हे सोपं आहे.

तन्वी माझ्या जुन्या हॉस्पिटलातल्या डॉक्टर कर्णिकांची मुलगी. ए-लेव्हलमध्ये, म्हणजे इथल्या अकरावी-बारावीत, तिचं मन लागेना, तिने ते सोडून दिलं. एका दुरुस्ती कंपनीने तिला सप्टेंबरपासून अप्रेंटिसशिप कबूल केली होती, पण आमचं सर्टिफिकेट असेल तरच. नसेल तर परत ए-लेव्हल, असं कर्णिकांनी बजावलं होतं. त्याच सकाळी असेसर, म्हणजे परीक्षक, यायचा होता. तन्वी दुरुस्त केलेलं मशीन त्याच्यासमोर पुन्हा उघडून दाखवणार होती.

आता ते ट्रकमध्ये कसं गेलं? आमच्या धंद्यात मशीन उघडण्याआधी त्याची वीज तोडायची, स्विचला कुलूप लावायचं आणि वीज खरंच गेली का ते टेस्टरने बघायचं. गेली असेल तर मशीन 'डेड'. म्हणजे हात घालायला सुरक्षित. तन्वीने आदल्या दिवशी हे सगळं अगदी नीट केलं आणि वर मोठ्या अक्षरांत DEAD अशी पट्टी चिकटवली. काम झाल्यावर पट्टी काढायची राहिली. ट्रक भरणारा आमचा ब्रायन. त्याच्या लेखी डेड म्हणजे डेड. त्याने मनोभावे अंत्यसंस्कार केले.

"तारीख पुढे ढकलू या," मॅनेजर फियोना म्हणाली.

"पुढची तारीख कधी?"

"ऑक्टोबरमध्ये."

म्हणजे अप्रेंटिसशिप गेली. तन्वीचे डोळे भरून आले. मला तिची दया आली आणि थोडा रागही आला. हिला काम येतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. ते एका मशीनला थोडंच चिकटलं होतं?

"आज सकाळी आलेल्यातलं कुठलंही मशीन असेसरलाच निवडू दे," मी म्हटलं.

"मावशी, पण तो मी कधी बघितला पण नाही!"

"गिऱ्हाइकाच्या घरचं मशीन आधी बघायला मिळणार आहे का?"

असेसरला कल्पना आवडली. त्याने मुद्दाम सगळ्यात मळकं मशीन निवडलं. पाणी बाहेर न टाकणारं. तन्वीने ते बेंचला जोडून चालवून बघितलं, मग वीज तोडली, कुलूप लावलं. टेस्टर आधी चालू लाईनवर लावला, दिवा लागला, म्हणजे टेस्टर ठीक. मशीनवर लावला, लागला नाही. खरं तर इथे सगळ्यांना वाटतं, झालं. पण टेस्टर परत चालू लाईनवर लावून बघायचा असतो. तिने लावला. दिवा लागला नाही.

टेस्टरने मधेच मान टाकली होती.

"मग मशीन डेड आहे का?" असेसरने विचारलं.

तन्वीने हातातल्या टेस्टरकडे बघितलं. हो म्हणून मोकळं होणं किती सोपं होतं!

"आय डोन्ट नो," ती म्हणाली. "दुसरा टेस्टर मिळेपर्यंत मी हात लावणार नाही."

असेसरने काहीतरी लिहिलं. मी दुसरा टेस्टर दिला. तिने पहिल्यापासून सगळं केलं. मशीन डेडच होतं, पण ते आता कळलं. मग तिने पंप उघडला आणि आतून ब्राची वाकडी तार ओढून काढली. असेसर कानापर्यंत लाल झाला. मशीनने पाणी टाकलं आणि तन्वी पास झाली. मला इतका आनंद झाला की मी ब्रायनलाही मिठी मारली.

त्या दिवसापासून वर्कशॉपमध्ये DEAD लिहायला बंदी आहे. वीज तोडली असेल तर तसं लिहायचं, भंगार असेल तर भंगार. शब्द वाचवायला गेलं की मशीन जातं.

संध्याकाळी कर्णिकांचा फोन आला. "पास झाली म्हणे. पण खरं सांगू का वहिनी, आम्हाला तिला डॉक्टर करायचं होतं."

"अहो, डेड म्हणण्याआधी हातातलं यंत्र चालतंय ना, हे बघते ती," मी म्हटलं. "तुमच्या हॉस्पिटलातले किती जण बघायचे, ते मला विचारा."

ते हळूच म्हणाले, "आमचा डिशवॉशर कधीचा बंद पडलाय. तिला बघायला सांगाल का?"

"मी कशाला सांगू?" मी म्हटलं. "तिची अपॉइंटमेंट घ्या."