टर्बो गेला नव्हता

उस्मानपुऱ्यातल्या ज्या गॅरेजात मी नटबोल्ट धुण्यापासून धंदा शिकलो, त्याच्या मालकानं खुर्चीवरून न उठता माझ्या गाडीचा निकाल लावला.

"टर्बो गया. भंगारात काढ. नायतर मला दे, मी घेतो."

गाडी परदेशी, जुनी, टर्बो डिझेल. चितेगावच्या एका कारखान्यातला गोरा इंजिनिअर मायदेशी परतताना ती विकून गेला. तीन आठवडे घासाघीस करून मी ती पदरात पाडून घेतली होती. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. सपाटीला गाडी झकास पळायची, पण तापल्यावर चढ आला की काळा धूर ओकायची आणि दम सोडायची.

त्याच कारखान्याला पाहुण्यांसाठी वर्षभराच्या करारावर गाडी हवी होती. सोमवारी त्यांचे साहेब दौलताबादच्या घाटात ती पारखणार होते. माझी गाडी नापास झाली तर पुढचा नंबर या गॅरेजमालकाच्या गाडीचा. हे कारखान्याच्या फाटकावर कळलं तसं माझं डोकं फिरलं, मी परत गॅरेजात गेलो.

"उस्ताद, अकरा वर्षं तुमच्याकडं राबलो. मलाच फसवता व्हय?"

"मेंढरांमागं फिरणाऱ्यानं विलायती गाडी घ्यावीच कशाला?" तो चारचौघांदेखत म्हणाला.

मुंबईच्या दुकानदारानं टर्बोसाठी दीड महिना सांगितला. त्यात विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस. आज मोर्चा, उद्या बंद, मालाचा भरवसा नाही. नामांतर झालंच पाहिजे, असं मी उघड बोलायचो, त्यापायी माझी दोन जुनी गिऱ्हाईकं तुटली होती. हे काम हातचं जाऊन चालणार नव्हतं.

मुकुंदवाडीतल्या माझ्या दुरुस्तीच्या शेडमध्ये मी टर्बोचा पाईप काढला, आत बोट घालून पंखा फिरवला. लोण्यासारखा फिरला, इकडंतिकडं जराही डुगडुगला नाही. मग गेला तो टर्बो कुठला? दुसऱ्या दिवशी पाईप परत बसवून गाडी पैठण रोडवर तापेपर्यंत पळवली, शेडमध्ये आणली आणि बायकोला स्टिअरिंगवर बसवलं.

"रेस दे."

"पहिल्यांदा गाडी माझ्या ताब्यात दिली, ती बी जागेवरच! लई दाबू का?"

"दाब!"

इंजिन ओरडलं आणि एअर फिल्टरकडून टर्बोकडं जाणारा रबरी पाईप माझ्या डोळ्यांसमोर आत ओढला गेला, चपटा झाला. आजारी कोकराला धाप लागली की त्याची कूस अशीच आत जाते. रबर तेलानं आणि उष्णतेनं मऊ पडलं होतं. गाडी नुसती उभी असताना पाईप धडधाकट दिसायचा, रेस वाढली की इंजिनाचा श्वास कोंडायचा.

तसा पाईप शहरात कुठंच मिळेना. पण विहिरीवर मोटार बसवणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं, पाणी ओढणारा पाईप मऊ चालत नाही. मी मोंढ्यातल्या पंपाच्या दुकानात गेलो. तिथं डिझेल ओढायचा, आत तार भरलेला काळा रबरी पाईप होता. दुकानदार अख्खं बंडल गळ्यात मारायला बघत होता. तासभर भांडून मी हातभर तुकडा कापून घेतला. बाक देऊन तो क्लॅम्पनं आवळला.

सोमवारी साहेबांसकट चार माणसं घेऊन मी घाट चढलो. एका वळणावरही गाडीनं दम टाकला नाही. वर पोचल्यावर साहेबांनी मागं वळून धूर शोधला. धूर नव्हता. "ही गाडी घ्या," ते सोबतच्या माणसाला म्हणाले.

कराराचा कागद हातात पडल्या दिवशी मी गाडी थेट उस्मानपुऱ्यात नेली आणि गॅरेजसमोर दाबून रेस दिली.

"टर्बो कुठून आणला?" मालकानं विचारलं.

"तुमी भंगारात काढला, तोच हाय. या, बघा."

तो उठला नाही. त्याच्याच हाताखाली शिकलो, म्हणून ते मला अजून लागतं. माझं काम त्यानं एकदा उठून बघायला पाहिजे होतं.