वरचा उजवा कोपरा

आमच्या घाटकोपरच्या थिएटरचं पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते. खाली स्टॉलच्या जागी सुपरमार्केट आहे आणि वर बाल्कनीच्या जागी डोळ्यांचं हॉस्पिटल. मधली काही वर्षं नुसतं कुलूप होतं, मग चादरींचे आणि साड्यांचे सेल लागायचे. रिक्षावाल्याला मात्र आजही थिएटरचंच नाव सांगावं लागतं. हॉस्पिटलचं नाव सांगितलं की तो आपल्याला भलतीकडेच नेतो.

बाबा तिथे ऑपरेटर होते, अगदी शेवटच्या शोपर्यंत. बंद पडल्यावर त्यांनी त्या रस्त्याने जाणंच सोडलं. बाजारात जायचं तर लांबून वळसा. बिल्डिंगवर कसला राग धरायचा, असं मला वाटायचं आणि मी ते तोंडावर बोलूनही दाखवायचे. मी काही फार सोशिक मुलगी नाही.

लहानपणी रविवारी मी त्यांच्याबरोबर केबिनमध्ये बसायचे. सिनेमा दाखवणारी दोन मोठी मशीनं, भट्टीसारखा उकाडा आणि भिंतीत दोन चौकोनी झरोके. रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक ठिपका चमकून जातो. पहिल्या ठिपक्याला दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची, दुसऱ्याला चित्र त्या मशीनवर घ्यायचं. ठिपका चुकला की पडदा पांढरा आणि खालून शिट्ट्या. त्यामुळे बाबांची नजर कायम त्या कोपऱ्यात. एकच सिनेमा शंभर वेळा चालवूनही त्यांना गोष्ट धड सांगता यायची नाही. आईने एकदा विचारलं, "शेवटी ती त्याला माफ करते का हो?" तर म्हणाले, "दहाव्या रिळात एक जोड खराब आहे."

गेल्या महिन्यात बाबांच्या चष्म्याचा नंबर काढायला गेलो, तेव्हा तिथल्या डॉक्टरांना काचबिंदूची शंका आली. या रोगात गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी सांभाळता येते. नजर किती गेली ते एका मशीनवर कळतं, आणि ते मशीन होतं नेमकं त्या हॉस्पिटलात. मी बाबांना न सांगता वेळ घेतली आणि रिक्षा वळल्यावर सांगितलं.

"फसवलंस गो माका," बाबा मालवणीत म्हणाले.

"डोळे तुमचे आहेत ना? मग उतरा."

उतरले. तपासणीची खोली वर टोकाला होती, बिनखिडकीची. बाबांनी भिंतीवर तळवा टेकला आणि म्हणाले, "हीच केबिन." झरोके बुजवून वर रंग दिला होता, पण हात फिरवला की कडा लागत होत्या. ते बराच वेळ तिथे हात फिरवत राहिले. मलाच घाई झाली होती.

तपासणी करणाऱ्या मुलीने त्यांचा डावा डोळा झाकला. "आजोबा, समोरच्या पिवळ्या दिव्याकडेच बघायचं. आजूबाजूला कुठे ठिपका दिसला की बटण दाबायचं." उजव्या डोळ्याचं काम सुरळीत झालं. डाव्याची पाळी आली आणि तिने दोनदा मशीन थांबवलं.

"आजोबा सारखे वर उजवीकडे बघतायत. असा रिपोर्ट धरता येत नाही."

मला हसूच आलं. तिला मी सगळं सांगितलं, ठिपका, रीळ, शिट्ट्या. "अगं, जन्मभराची खोड आहे ती, आणि तीही याच खोलीतली!" ती पण हसली. बाबा हसले नाहीत. हे एकाच डोळ्याला का होतंय, हा प्रश्न काही माझ्या डोक्यात आला नाही.

तिसऱ्यांदा मात्र त्यांनी नजर हलवली नाही. कागद बाहेर आला. उजवा डोळा ठीक होता. डाव्याचा वरचा उजवा कोपरा काळा होता. डॉक्टर म्हणाले, "वर्षभर आधी आला असतात तर एवढं गेलं नसतं." दिवसातून दोनदा घालायचं औषध दिलं आणि पहिला थेंब आत्ताच टाका म्हणाले.

बाहेर बाकावर बसल्यावर मी चिडून विचारलं, "तुम्हाला काहीच कळलं नाही?"

"माका म्हायत होता," बाबा म्हणाले. "उजवो डोळो झाकलो की टीव्हीचो तो कोपरो दिसणा नाय. वर्ष झाला. रोज बघतंय, आज दिसता काय म्हणून."

म्हणजे आतही ते तेच करत होते. ती खोड नव्हती. ठिपका येतोय का, ते शोधत होते. आणि मी त्या मुलीला त्यांची गंमत सांगत बसले होते. मला माझीच लाज वाटली.

"मग सांगायचं नाही का बाबा?"

"सांगितलं असतं तर तू माका हयच आणलं असतंस." मग म्हणाले, "हय आंधळो होवन येवचा नव्हता माका."

मी बाटलीचं टोपण काढलं, त्यांची मान मागे केली आणि थेंब सोडला. तो डोळ्यात न जाता गालावर पडला.

"नीट बघून टाक गो," बाबा म्हणाले.