एका ब्रिटिश बँडची मोहाडी शाखा

चूक माझी होती हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कोणी माझी बाजू घेण्याची तसदी घेणार नाही. आमच्या धुमाल पार्टीतून मी ताशेवाल्याला काढलं. तो माझा शाळेपासूनचा मित्र. आणि काढलं ते ब्रिटनमधल्या एका बँडचं ऐकून. मोहाडी तालुका कुठे आहे हे त्या बँडला ठाऊक नाही, आणि त्यावाचून त्याचं काही अडलेलंही नाही.

धुमाल म्हणजे काय हे विदर्भाबाहेर सांगावं लागतं. चाकांच्या गाडीवर मोठाले स्पीकर आणि दिवे, त्यात उभा राहून कॅसिओ वाजवणारा एक जण, म्हणजे मी, बाजूला ढोल, आणि सगळ्यांच्या पुढे पायी चालणारा ताशेवाला. वरातीची चाल तो ठरवतो. गाडीवरचा माणूस स्वतःला पार्टीचा मालक समजतो, एवढंच.

तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. एका दुपारी तिथे मोबाईलवर गाणं संपलं आणि मोबाईलने आपल्या मनाने दुसरं लावलं. माझी बहुतेक मोठी मतं अशीच बनली आहेत. पत्रा खरवडल्यासारखी गिटार, खाली पाय हलवायला लावणारा ठेका, आणि गाणारा असा चिडलेला, जणू त्याला सातबाऱ्यासाठी चौथ्यांदा परत पाठवलंय. मला वाटलं, हा आपलाच माणूस.

मग मी त्या बँडची सगळी कारकीर्द बघून काढली. कारखान्यांच्या एका थंड गावातली चार कॉलेजची पोरं. सरकारच्या विरोधात, कंपन्यांच्या विरोधात, प्रेमाच्याही विरोधात. त्यांनी पंक नावाच्या आरडाओरडीच्या संगीतात डिस्को घातला, डिस्कोत जमैकाकडचं काहीतरी घातलं. पेपरवाल्यांनी डोक्यावर घेतलं, गिऱ्हाईक फिरकलं नाही. मग कंपन्यांच्या विरोधातली गाणी त्यांनी एका मोठ्या कंपनीला विकली. पुढे ड्रमवाल्याला घरी बसवून मशीन आणली. तेव्हा एक गाणं जोरात चाललं, जगभर लोक त्यावर नाचले, आणि लगेच ते आपसात भांडून वेगळे झाले. यातून शहाण्या माणसाने काय शिकावं? मी शिकलो की ठेका मशीनचा पाहिजे.

आमचा सराव ताशेवाल्याच्या घरी चाले. त्याचे वडील हातमागावर लुगडी विणत. मागाच्या खटखटीची गल्लीला सवय होती, त्यामुळे आमचाही आवाज खपून जाई. तिथेच मी माझं नवं तत्त्वज्ञान मांडलं.

"ठेका कुठी तुटला नाही पाहिजे," मी म्हणालो. "एकदा सुरू झाला का शेवटपर्यंत सरळ."

"तुले वरात न्यायची हाय का मालगाडी?" तो म्हणाला.

"लंडनले असंच वाजवतात."

"मंग लंडनच्याच वराती घेत जा ना बे. इथं कायले उन्हात मरून राहिला?"

वडील माग न थांबवता म्हणाले, "त्यापेक्षा माहा माग बरा. सरळ वाजते, अना लुगडंबी निघते."

तो काही संत नव्हता. ढगाळ दिवशीही काळा चष्मा लावायचा. गच्चीवर बायका दिसल्या की ताशावर गरजेपेक्षा जास्त करामती करायचा, आणि नवरदेव घोड्यावर ताटकळायचा. पण त्याचं आणखी एक काम होतं, ज्याचा ब्रिटिश कारकिर्दीत कुठे उल्लेख नव्हता. आमच्याकडे मयत झालेल्या घरावरून वरात वाजत जात नाही. पुढे चालणाऱ्या ताशेवाल्याला दारात बसलेली माणसं आधी दिसतात. तो दोन्ही काड्या वर धरतो आणि मागचं सगळं वाजणं बंद होतं. चार घरं मुकाट्याने ओलांडायची, मग पुन्हा सुरू. यात ठेका तुटतो, हे मला जागतिक दर्जाच्या दृष्टीने खटकत असे.

मी ठेक्याची मशीन, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पॅड, घेतलं आणि ते वाजवायला तुमसरकडचा एक माणूस ठेवला. मित्राला समोर जाऊन सांगायची हिंमत नव्हती, म्हणून फोन केला. "पार्टीचा साउंड बदलून राहिला," मी म्हणालो. "साउंडच बदलून राहिला ना?" एवढं विचारून त्याने फोन ठेवला, आणि पुढच्या महिन्यापासून वडिलांच्या शेजारी मागावर बसायला लागला.

पार्टी चालली. आमच्याकडच्या दंडार या लोकनाट्यातलं गाणं, त्यात कव्वाली, खाली तो ब्रिटिश सरळ ठेका. सिहोऱ्यापासून कोंढ्यापर्यंत बोलावणी आली. लोक बेभान नाचत. तसे लोक जनरेटरच्या आवाजावरही नाचतात, पण हे तेव्हा मला कोणी सांगितलं नाही.

मग मोहाडीतच एक लग्न आलं. त्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर कळलं की ताशेवाल्याचे वडील पहाटे गेले, दुपारी माती आहे. मी हळहळलो आणि वाजवायला गेलो. मातीला जाणं होणार नव्हतं. माझी कारकीर्द ऐन भरात होती. वरात नेहमी बसस्टँडच्या रस्त्याने जाते, त्यामुळे त्यांच्या गल्लीचा प्रश्नच नव्हता. पण तो रस्ता नळाच्या पाइपासाठी खोदलेला निघाला आणि उन्हं कलताना वरात विणकरांच्या गल्लीत वळली.

गाडीवरून मला आधी लाल प्लास्टिकच्या खुर्च्या दिसल्या, मग त्यांवर बसलेली, मातीवरून परतलेली माणसं. पुढे कोणी चालत नव्हतं. पॅडवाला रस्त्याकडे पाठ करून, माझ्याकडे तोंड करून बसलेला. मी हात वर केला असता तर सगळं थांबलं असतं. पण नवरदेवाचा मामा रंगात आला होता, आणि गाण्यात ती जागा येत होती जिथे सगळं क्षणभर गप्प होतं आणि ठेका दुप्पट जोराने परत येतो. ती जागा मी स्वतः बसवली होती; माझ्या सरळ ठेक्याला तुटायची सूट तेवढीच. मी हात कॅसिओवरच ठेवले.

ठेका त्याच्या दारासमोर परत आला.

तो ओसरीवरून उठला, रस्त्यावर आला आणि त्याने दोन्ही हात वर धरले. काड्या नव्हत्या, नुसते हात. वऱ्हाडी थांबले, मामा थांबला, गाडी ढकलणारेही थांबले. मशीन वाजत राहिली. पॅडवाला माझ्याकडे बघत राहिला. मी खाली कॅसिओच्या पांढऱ्या पट्ट्यांकडे बघत राहिलो, जणू त्यांत काही लिहिलं होतं. शेवटी नवरदेवाच्या बापाने येऊन मशीनची वायर ओढली. मित्र माझ्याकडे न बघता आत गेला.

मी सगळ्यांना सांगितलं की मला मयताचं ठाऊकच नव्हतं, आणि मशीन अशी मध्येच बंद होत नसते. मशीनवर बंद करायचं तळहाताएवढं बटण आहे. पण लोकांनी मानलं. मशीन आणि बाहेरगावचा पॅडवाला, दोघांवरही दोष ठेवणं सोयीचं होतं.

पुढे पॅडवाल्याने स्वतःचा डीजे काढला आणि पार्टी मोडली. एवढ्यात ब्रिटिशांनी मात्र पार्टी पुन्हा जमवली. म्हाताऱ्या चाहत्यांसमोर म्हातारे विद्रोही तीच गाणी वाजवायला लागले. एका मुलाखतीत जुना ड्रमवालाही बसला होता. तुला काढलं तेव्हा काय वाटलं, असं त्याला विचारलं, तर गायकानेच मध्ये विनोद केला आणि विषय संपवला. मी त्या गायकाला दुकानात बसून मोठ्याने शिव्या घातल्या. झेरॉक्सला आलेल्या बाईने विचारलं, "कोनाले बोलून राहिले जी?" मी तिच्या कागदाच्या दोन प्रती जास्त काढल्या.

आठवडी बाजारात मित्र लुगडी आणि पंचे विकायला बसतो. मी गेलो. बरोबर माफी न नेता प्रस्ताव घेऊन गेलो, ब्रिटिशांसारखाच.

"पार्टी पुन्हा काढून राहिलो," मी म्हणालो. "तू पाहिजे."

"काहून? मशीन मेली का तुही?"

"तसं नाही. तुह्याशिवाय मजा नाही."

"पंचा घ्यायचा असन तं घे, नाहीतं सरक. गिऱ्हाईक उभं हाय."

मी सरकलो नाही. तो शेजारच्या बाईला लुगड्याचा पदर उलगडून दाखवत होता. मी त्याच्यासमोर खाली बसलो.

"तुहे बाबा गेले हे मले सकाळीच माहीत होतं," मी म्हणालो. "माहीत नव्हतं म्हणून सगळ्याईले सांगत फिरलो, ते खोटं. मातीले आलो नाही. तुह्या दारासमोर थांबवता येत होतं, थांबवलं नाही. मशीननं नाही केलं, मी केलं. चुकलो मी. माफ कर."